अकलोलीच्या कुंडावरची माझी हिंदी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बायांनो, नाहीतर मध्येच हातातला चहा सांडाल. एवढं शहाणपण मी आयुष्यात एकदाच केलं, आणि तेही नेमकं प्रकाशच्या लग्नाच्या वेळी!

प्रकाश माझा थोरला. पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल. लूमच्या कारखान्यात तो माग दुरुस्त करायचा, त्याला जॉबर म्हणतात. बंद पडलेल्या मागाला नुसता हात लावला तरी तो खडखडायला लागायचा. पण लग्न काही जमेना. शेवटी बारकूभाऊने काल्हेरचं एक स्थळ आणलं. बारकूभाऊ म्हणजे आमच्यातली लग्नं जमवणारा माणूस. जीभ अशी, की लंगड्या बैलालासुद्धा शर्यतीचा म्हणून विकेल!

"मुलीची आय आनि तुम्ही, आधी दोघीच भेटा, मी येतो मागनं," तो म्हणाला. "मंगलवारी अकलोलीला, गरम पान्याच्या कुंडावर. हितं भेटलात आनि फिसकटलं, तर सगल्या बाजारात बोभाटा."

"पण मी तिला ओळखू कशी?"

"त्यात काय ओलखायचं? अस्सल आपल्यातली बाय हाय. तोंडातून भिवंरी निघालं की समजा, तीच!"

हे मात्र खरं होतं. भिवंडीला आम्ही जुनी माणसं भिवंरीच म्हणायचो. शिकलेली मंडळी नीट भिवंडी म्हणायची. लूमवर आलेले यूपीचे भाऊ भिमंडी म्हणायचे. वज्रेश्वरी आमच्या तोंडात वजरेसरी, त्यांच्या तोंडात बजरेसरी. काल्हेरला आम्ही कालेर म्हणतो, आणि ट्रकवाले सरदारजी काय काय म्हणायचे ते देवालाच माहीत, पण ट्रक बरोबर तिथेच जायचा!

आमच्या आळीतल्या बायका हसायच्या त्यांना. मला मात्र कौतुक वाटायचं. आपला मुलूख सोडून एवढ्या लांब यायचं, बारा-बारा तास लूमवर उभं राहायचं, आणि वर परक्या गावांची नावं जिभेवर बसवायची, सोपं आहे का हो? म्हणून समोर बाहेरचं माणूस असलं की मीही त्याच्यासारखंच म्हणायची. पाहुण्याला हाताशी येईल असं ताट मांडतो ना आपण, तसं.

आता माझी खरी अडचण सांगते. बारकूभाऊने मुलीकडच्यांना परस्पर सांगून टाकलं होतं, की प्रकाशचे स्वतःचे दोन लूम आहेत.

"अरे मेल्या, कुठले दोन लूम?"

"होतील वहिनी पुढं-मागं! तुम्ही फक्त मान डोलवा."

दोन रात्री मला झोप नाही. खरं सांगावं तर स्थळ जाणार. मान डोलवावी तर लग्नानंतर पोरगी रोज माझ्याकडे बघून विचारणार, कुठे आहेत लूम? शेवटी ठरवलं, पोराच्या संसारासाठी डोलवायची मान. एकदाच. मग वज्रेश्वरीच्या देवीची, आमच्या वज्राबाईची, माफी मागून टाकायची.

मंगळवारी मी अशी नटले म्हणता! नवी नायलॉनची साडी. आणि डोळ्यांना? काळा गॉगल! पुतण्याने मुंबईहून आणलेला. म्हटलं, काल्हेरवालीला कळू दे, आम्ही काही साधेसुधे नाही.

एसटीतून उतरून कुंडावर गेले. पाण्यात पाय सोडून एकच बाई बसली होती. पण ती आपल्यातली कसली! पदर उजव्या खांद्यावर, गुजरातणीसारखा. मांडीवर पर्स. शेजारी उंच टाचेच्या चपला. मी मनात म्हटलं, ही कोणी मोठ्या घरची परगावची बाई. आपली काल्हेरवाली अजून यायची आहे.

"जरा सरकेगा क्या?" मी म्हटलं.

"बैठो ना, बैठो," ती म्हणाली. "किधर से आया?"

"भि... भिमंडी से. और आप?"

"थाना के बाजू से."

झालं! थाना म्हणाली म्हणजे बाहेरचीच. माझी खात्री पटली आणि मी पाय पाण्यात सोडले.

त्या गरम पाण्यात काय असतं कोण जाणे. आधी गुडघे मोकळे होतात आणि मग तोंड!

"यहाँ किसी का राह देखता है?" तिने विचारलं.

"हाँ ना! लडके के लिए लडकी का माँ आनेवाला है. अभी तक पत्ता नहीं. बजरेसरी में देवी के पास बैठ गया होगा. गाँव का बाई है, घड्याल कुठला... मतलब, घडी किधर से होगा!"

ती गोड हसली. पर्समधून काकडी काढली, मोडून अर्धी मला दिली. तुम्हीच सांगा, अशा बाईपुढे मन मोकळं केलं नसतं का तुम्ही? पुन्हा कधी भेटणार नाही, आपल्यातल्या कोणाला ओळखत नाही. वज्राबाईनेच धाडली म्हटलं!

"लडका क्या करता है?"

"लूम दुरुस्त करता है. एकदम हुशार."

"खुद का लूम है?"

आता बघा हं. इथे मान डोलवायची, एवढंच तर घोकून आले होते. पण ते त्या काल्हेरवालीसाठी होतं! हिच्यापुढे कशाला?

"किधर का लूम!" मी कपाळावर हात मारला. "वो शादी जमानेवाला है ना, बारकू, वो झूट बोला. दो लूम बोला. एक भी नहीं है! आज वो बाई आएगी तो मेरे को भी झूट बोलने का है. मेरा पेट में दो दिन से इतना बडा गोला!"

"फिर मत बोलो झूट."

"तो लडकी कौन देगा?"

ती पाण्यात पाय हलवायला लागली. मग विचारते, "लडके को दारू वगैरा?"

"छे छे! खाली झोपता बहुत है. सुट्टी के दिन हलवके उठाना पडता है."

"और आप सास कैसा रहेगा?"

इथे तरी गप्प बसावं ना मी? पण नाही!

"मेरा मुँह खराब है, बाई. भाकरी जाडी हुई तो मैं बोलेगी. फिर बोलके हमकोच रोना आता है. फिर मैंच उसको लाडू करके देगी."

काकडी संपली. आणि तेवढ्यात पायऱ्यांवरून बारकूभाऊ धापा टाकत आला.

"अरे वा! दोघींची गट्टी जमली बी?" तो ओरडला. "वहिनी, बघा, मी बोललो व्हतो ना? अस्सल बाय! ही जनाबाय, कालेरची."

बायांनो, पाणी गरमच होतं, पण माझे पाय गार पडले. गॉगल नाकावरून घसरला तो थेट कुंडात!

जनाबाय मात्र शांत. खाली वाकली, पाण्यातून गॉगल काढला, पदराला पुसला आणि माझ्या हातात दिला.

"तुम्हाला कळलं होतं?" मी कसंबसं विचारलं.

"तुम्ही भिमंडी बोललात तवाच कललं."

"पण ते तर मी बाहेरच्यांसारखं म्हटलं!"

"तेच ना. बाहेरचा मानूस गावाचं नाव चुकतो, तवा त्याला ठावंच नसतं आपन चुकतो ते. फटकन बोलून मोकला. तुम्ही नाव चुकवायच्या आधी जराशा थांबायच्या. ज्याला खरं नाव ठावं हाय तोच थांबतो."

काय बाई होती हो! शाळा तिनेही पाहिली नव्हती, माझ्यासारखीच. पण कान म्हणजे सोनाराचा काटा! तो उजवा पदरही वापीच्या बहिणीकडून खास माझ्यासाठी शिकून आली होती, माझ्यावर छाप पाडायला. आणि मी गॉगल लावून तिच्यावर!

"मग बोललात का नाही तुम्ही?"

"कशाला? तुम्ही सगलं आपनहून सांगत व्हतात की!"

बारकूभाऊचा चेहरा पांढरा पडला. "काय... काय सांगितलं वहिनींनी?"

"दोन लूमचं सांगितलं," जनाबाय म्हणाली. बारकूभाऊने लगेच वर झाडाकडे बघायला सुरुवात केली.

मी हात जोडले. "चुकलं माझं, बाय. स्थळ मोडलं म्हणून समजते. पण पोरगा माझा चांगला आहे हो."

"मोडलं कुनी सांगितलं?" ती पायात त्या उंच चपला घालत म्हणाली. "लूम न्हाय ते कललं, झोपालू हाय ते कललं, सासू बडबडी हाय ते बी कललं. याच्यापरीस जास्त कुठल्या आयला ठावं असतं? पोरगी दिली! रविवारी या बघायला."

"आणि मी सांगितलं त्यावर विश्वास बसला तुमचा?"

"न बसाया काय झालं?" ती म्हणाली. "विहीनबाय, खोटं बोलाया जेवढी हिंदी लागते, तेवढी तुम्हाला येतच न्हाय!"

लग्न झालं. सून लाखात एक निघाली, पण आईच्याच वळणावर. आईने तिला सगळं सांगितलं असणार. आजही डब्यातले लाडू कमी झाले, की ती कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर येते आणि म्हणते, "सासूजी, लाडू किसने खाया?"

आणि मी, साखरेवर डॉक्टरने बंदी घातलेली बाई, खरं सांगून मोकळी होते, "हमनेच."