वैतरणेला कोण घाबरलं

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. घरात कोणी नदीचा विषय काढला की मी चष्मा पुसत बसायचो. आमच्याकडे सगळ्यांना पाठ असलेली हकीकत अशी: आम्ही राफ्टिंगला जाणार होतो, पण माझा धाकटा भाऊ ऐन वेळी पाण्याला घाबरला. ती हकीकत खोटी आहे, आणि ती मी पसरवली.

राफ्टिंगचं खूळही माझंच. सातपूरच्या कारखान्यात माझ्याबरोबर काम करणारा एक मित्र हृषीकेशला जाऊन आला होता. डबा खाताना त्याने फोटो दाखवले: रबरी होडी, फेसाळतं पाणी, डोक्यावर हेल्मेट. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "यात काय एवढं? आम्ही दोघं भाऊ कधीही तयार." भाऊ मखमलाबादच्या आमच्या मळ्यात झेंडू आणि शेवंती करायचा. त्याला सांगितलं तर तो इतका हरखला की मला मागे फिरता येईना. मला पोहता येत नव्हतं. लहानपणी तो कालव्यात उड्या मारायचा आणि मी काठावर त्याचे कपडे सांभाळायचो.

मग नदी निवडणं सुरू झालं, ते दोन पावसाळे चाललं. मित्र म्हणे हृषीकेश. भाऊ म्हणे, "दादा, आठवडाभर मळा कुणाच्या भरवशावर सोडू?" मित्राने कोलाडची कुंडलिका काढली, धरणाचं पाणी तिला बारा महिने असतं. पण तिथे आदल्या दिवशी मुक्कामाला जायला हवं, आणि भावाला एका दिवसाच्या वर सवड नाही. एकदा मीच गंगापूर धरणाखालची गोदावरी सुचवली, कारण तिथे धड लाटाही नव्हत्या. भाऊ म्हणाला, "गंगामाईत बूट घालून उतरायचं? आई आपल्याला तिथंच बुडवील."

दर बैठकीत मी गंभीर चेहऱ्याने नवी शंका काढायचो. खडक किती, पाणी किती थंड, दवाखाना किती लांब. मित्र एकदा भडकलाच. "अरे, तू नदी बघतोयस की जावई?" सगळे हसले. चीड मलाही येत होती. घाबरतो, एवढा एक शब्द तोंडातून निघत नव्हता आणि त्यासाठी मी महाराष्ट्रातल्या सगळ्या नद्यांना नावं ठेवत होतो.

शेवटी भावानेच नदी शोधली. इगतपुरीच्या पुढची वैतरणा. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. तिला जोर फक्त पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात भावाला उसंत फक्त पितृपक्षात. गौरी-गणपती गेले की फुलांची मागणी एकदम बसते, ती घटस्थापनेलाच उठते. त्या मधल्या दिवसांतला रविवार त्याने पक्का केला. मित्र म्हणाला, "पितरांच्या दिवसांत वैतरणा! वडिलांना काही निरोप असला तर देऊन ठेवा." भाऊ खो खो हसला. मला मात्र त्या चेष्टेत पळवाट दिसली.

शनिवारी दुपारी मी मळ्यातल्या घरी गेलो. भाऊ बाहेर होता, आई गवार मोडत बसली होती. मी म्हणालो, "आई, पितर चालू आहेत आणि हा पाण्यात उतरायचं म्हणतोय. मी सांगून थकलो, ऐकतच नाही."

भाऊ आला तेव्हा आई दारातच उभी होती. "बापाचं पान वाढायचं ऱ्हायलंय अजून, आन् तू नदीत नाचायला चालला? माझी शपथ हाय तुला."

"दादा पण येतोय की!" भाऊ म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "दादा, तू तरी सांग ना तिला."

मी म्हणालो, "आईच्या मनाविरुद्ध कसं जायचं?"

तो नवीन घेतलेली अर्धी चड्डी खुंटीला टांगून पुन्हा शेतात गेला.

मित्राला मी कळवलं, भावाने कच खाल्ली, आईचं निमित्त पुढे केलं. ते वाक्य कारखान्यातून नातेवाइकांत गेलं, तिथून मळ्यात परत आलं. लग्नाच्या पंगतीत कोणीतरी त्याच्यापुढे पेला ठेवून म्हणायचं, "जपून बरं का, पाणी आहे!" सुरुवातीला तो सांगायचा, "अहो, आईनं शपथ घातली होती." त्यावर लोक जास्तच हसायचे. मग त्याने सांगणं सोडलं. पुढच्या वर्षी त्याने वैतरणेचं पुन्हा विचारलं, तेव्हा मी म्हणालो, आता आपली वयं झाली. त्यानंतर त्याची कंबर धरली आणि डॉक्टरांनी वाकायलाही बंदी केली. त्याचं जायचं राहिलं ते राहिलंच.

आई गेल्यावर मी एकदा ठरवून मळ्यात गेलो. भाऊ स्टुलावर बसून झेंडू खुडत होता. "घाबरलो मी होतो, तू नाही. मला माफ कर." रस्ताभर हेच घोकत आलो होतो.

"काय दादा, भर उन्हात?" त्याने विचारलं. "काही काम काढलं का?"

"नाही, सहज आलो," मी म्हणालो. "यंदा झेंडू बरा आलाय."

"लय बरा हाय," तो म्हणाला आणि मला बसायला गोणपाट झटकून दिलं. मी बसलो, चहा प्यालो आणि घरी आलो. त्याच वर्षी हिवाळ्यात तो गेला.