जिन्यातला डबा

शेंडेफळ विद्यापीठात गेलं तेव्हा घरच्यांना वाटलं, आता तरी हिला कंठ फुटेल. घरात ती चौथी. आधीच्या तिघांनी घरातलं सगळं बोलणं बोलून संपवलेलं आणि उरलंसुरलं आईच्या वाट्याचं. आई शिवणकाम करायची. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. टाचण्या तोंडात असतील तेवढा वेळच घरात शांतता, त्यामुळे गिऱ्हाइकांच्या कपड्यांना दुरुस्त्या जरा जास्तच निघाव्यात अशी शेंडेफळाची लहानपणापासूनची इच्छा.

विद्यापीठात मात्र तिची पहिल्या दिवसापासूनच गाळण उडाली. हजेरीला 'हजर' म्हणायचं, एवढं एकच काम. पण आपला नंबर येईपर्यंत ती घसा खाकरायची, ओठ ओले करायची, मनातल्या मनात दोनदा म्हणून बघायची आणि आवाज बाहेर पडेपर्यंत प्राध्यापिकाबाई पुढच्या नंबरावर पोचलेल्या असायच्या. पहिल्या बाकावर बसून गैरहजर लागण्याचा पराक्रम त्या वर्गात तिच्याच नावावर होता.

हेही एकवेळ चाललं असतं. खरी पंचाईत जेवणाच्या सुट्टीत. उपाहारगृहात प्रत्येक टेबल भरलेलं, प्रत्येक टेबलाचं हसणं वेगळं, आणि 'इथे बसू का?' हे तीन शब्द तिच्या घशात आडवे. दोन दिवस ती खानावळीचा डबा हातात धरून, जणू कोणाची वाट पाहतेय अशा थाटात, टेबलांमधून हिंडली. तिसऱ्या दिवशी तिला मागचा जिना सापडला. अगदी वरचा टप्पा, गच्चीच्या कुलूप लावलेल्या दाराशी. तिथे दोन केरसुण्या, एक लंगडी खुर्ची आणि शेंडेफळ. खुर्चीवर डबा, पायरीवर आपण. केरसुण्या काही विचारत नसत.

आईचा फोन आला की ती "छान चाललंय" म्हणायची. पण एका रविवारी आईने विचारलं, "जेवतेस कोणाबरोबर गं?" आणि हिचा बांध फुटला. जिना सांगितला, केरसुण्या सांगितल्या, कधीकधी घास घशाखाली उतरत नाही तेही सांगितलं.

"पण आई, कोणाला सांगू नकोस हं. शपथ."

"मी? वेडी की काय! माझ्या पोटात राहील."

आता आईच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. शेंडेफळालाही ठाऊक. पण आपला तीळ तेवढा भिजेल, भिजेल काय, मोड येईपर्यंत राहील, असं प्रत्येक लेकराला वाटतंच. फोन ठेवल्यावर कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटलं. जगात एका माणसाला तरी खरं माहीत होतं.

पुढच्याच आठवड्यात प्राध्यापिकाबाईंनी हजेरीपुस्तक मिटलं, चष्मा काढला आणि भरल्या गळ्याने म्हणाल्या, "आज शिकवण्याआधी एक विचारायचंय. आपल्यातली एक मुलगी रोज मागच्या जिन्यात, केरसुण्यांशेजारी, एकटी बसून जेवते. आपण माणसं आहोत की दगड?"

केरसुण्या ऐकल्या आणि शेंडेफळाच्या डोळ्यांसमोर आई उभी राहिली. जिन्यातून येताजाताना तिला कोणीही पाहिलं असेल, पण केरसुण्यांचं तिने एकाच माणसाला सांगितलं होतं.

"ऊठ बाळ, लाजू नकोस," बाई म्हणाल्या. बाईंचं मन लोण्याचं होतं, त्याबद्दल वाद नाही. अख्ख्या वर्गाने माना वळवल्या. शेंडेफळ उठलं, आणि इतके दिवस न निघालेला आवाज नेमका तेव्हा खणखणीत निघाला, "हजर!"

वर्ग हसला. प्रेमानेच हसला म्हणतात.

दुपारी जिन्यावर सहाजणी डबे घेऊन हजर. कोणी तिच्या पाठीवर हात ठेवला, कोणी लोणचं वाढलं, आणि आजाऱ्याला भेटायला आल्यासारखं सगळ्या हळू आवाजात बोलल्या. दुसऱ्या दिवशी चौघी आल्या. मग दोघी. आणि एके दिवशी खालच्या टप्प्यावरून आवाज आला, "आज हिच्याजवळ बसायची पाळी कोणाची गं? मी काल बसले होते."

शेंडेफळाने डबा न उघडताच बाजूला ठेवला आणि आईला फोन लावला.

"तू सांगितलंस."

"मी? अगं, फक्त मावशीला. मावशी काय परकी आहे?"

"मग बाईंना कसं कळलं?"

पलीकडे जरा शांतता. टाचण्यांची नव्हे. "ते... त्या कोपऱ्यावरच्या वहिनी माप द्यायला आल्या होत्या. त्यांची जाऊ तुमच्याकडेच शिकवते. माप घेताना माणूस काहीतरी बोलतंच ना! आणि बघ, झाल्या की नाही मैत्रिणी? वहिनी म्हणाल्या, आता पोरी तुझ्याभोवती असतात."

"शपथ घेतली होतीस, आई."

"तुझ्या भल्यासाठीच ना गं!"

भल्यासाठी केलेल्या गोष्टीवर रागावायचं तरी कसं, हे विद्यापीठात शिकवत नाहीत. आईने टोचलेली टाचणी होती ती. दिसत नव्हती, हलल्यावर लागत होती.

जिना सुटला. शेंडेफळ ग्रंथालयाच्या मागच्या कट्ट्यावर बसू लागलं. तिथे जाड भिंगांची एक मुलगी असायची, डावीकडे डबा, उजवीकडे पुस्तक. बरेच दिवस दोघी शेजारी न बोलता जेवल्या. मग एकदा त्या मुलीने पुस्तकात डोळे ठेवून चमचा आमटीऐवजी पाण्याच्या पेल्यात बुडवला आणि भुरका मारून म्हणाली, "आज जरा पातळ आहे." शेंडेफळाला ठसका लागेपर्यंत हसू आलं. ग्रंथपाल खिडकीतून दोघींवर ओरडले. त्या दिवसापासून दोघी बोलायच्या थांबेनात.

रविवारी फोन वाजला.

"काय गं, नवीन काय?"

भिंगवाली जिभेच्या टोकावर आली. पातळ आमटी आली, ग्रंथपालही आले. ऐकून आई खो-खो हसली असती. शेंडेफळाने सगळं परत आत घेतलं.

"काही नाही गं. अभ्यास. तुझं सांग."

आईने सांगितलं. मावशीचा गुडघा, कोणाचे उसवलेले खांदे, मशीनचा तुटलेला पट्टा. शेंडेफळ हुं हुं करत राहिलं. मधेच कोणी गिऱ्हाईक आलं असावं, कारण फोन बाजूला धरून आई बोललेलं तिला स्वच्छ ऐकू आलं, "आमचं शेंडेफळ हो! मजेत आहे. मला सगळं सांगते."