मीठ-बर्फातली बाटली आणि सरपंच बोका

तमाम आगाशीकरांस आणि विशेषतः तिथल्या मांजरांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, मासळीबाजारातली उजव्या हाताची तिसरी जागा रिकामी झाली आहे. तिथे कुणीही बसू नये. बसल्यास होणाऱ्या ओरखड्यांना कुणीही जबाबदार राहणार नाही... तीन आठवड्यांपूर्वी रंजनाचा फोन आला, तेव्हा ही सूचना माझ्या डोक्यात अशीच्या अशी उमटली. "दादा, आय गेली," एवढंच ती म्हणाली. रंजना हिरामावशीची सून.

हिरामावशी अर्नाळ्याची, मासे विकायची आगाशीत. मी विरारच्या फ्लॅटमधला कारकून, दर रविवारी तिच्यासमोर हजर. तिचा एक नियम होता. पाटीतला पहिला मासा सरपंचाला, मग गिऱ्हाईक. सरपंच म्हणजे तिचा बोका, रुंद तोंडाचा, पिवळ्या डोळ्यांचा, पाटीमागे बसून गिऱ्हाइकांची पत जोखणारा. मी कुरकुरलो की ती ओरडायची, "सायेब, तुमी नंबर दोन. सरपंचाच्या मागं हुबं राहाला लाज कसली?"

दोन हजार चार-पाचच्या सुमारास सरपंच पाण्याच्या भांड्यावरून हलेना. मागचे पाय घोट्यापर्यंत जमिनीला टेकवून, बसत बसत चालल्यासारखा चालू लागला. तो लघवी करायचा तिथे मुंग्या जमल्या आणि मावशीने निदान केलं, "माजाच रोग लागला याला." मावशी स्वतः जुनी मधुमेही. वसईच्या जनावरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासून तिचं म्हणणं खरं ठरवलं. औषधही तिचंच निघालं, फक्त सुई वेगळी आणि मात्रा चिमूटभर, दोन युनिट. "एका ताटात जेवतो, आता एका बाटलीतलं घेऊ," मावशी खूश होऊन म्हणाली.

तेव्हा आपल्याकडे दिवसाचे कित्येक तास वीज नसायची. फ्रीज म्हणजे नुसतं कपाट. मग या मंचावर मी प्रवेश केला. "मावशी, इन्सुलिन म्हणजे मासळीच समज. बर्फाबाहेर राहिलं की नासलं." तिला पटलं. का नाही पटणार? जन्म त्यातच गेला होता. विरारहून बाटली आणायची जबाबदारी मी ऐटीत घेतली. ती थर्मासात बर्फ भरून आणायचो आणि मावशी तिला सुरमईच्या थर्माकोलच्या पेटीत, खडेमीठ टाकलेल्या बर्फात खोल पुरून ठेवायची. बाटलीत बारीक पांढऱ्या गुठळ्या दिसायच्या. "हलवली की जातात," ती म्हणायची.

बोक्याची साखर मात्र उतरेना. दोनाचे तीन युनिट झाले, तिनाचे पाच, पाचाचे सात. डॉक्टर गंभीर झाले. "इन्सुलिन दार ठोठावतं, पण पेशी आतून कडीच काढत नाहीत. याला रेझिस्टन्स म्हणतात. त्याचं कारण शोधावं लागतं." त्यांनी दात पाहिले, लघवी तपासली, खाजेसाठी कधी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं होतं का ते विचारलं. काही सापडेना. शेवटी म्हणाले, "क्वचित मेंदूच्या तळाशी बारीक गाठ असते. मग मांजर वाढतच राहतं. जबडा रुंद होतो, पंजे मोठे होतात... औषध थंड ठेवता ना?" मी छाती काढून म्हणालो, "एकदम थंड!"

त्या दिवसापासून मावशी रोज सरपंचाचा पंजा आपल्या तळहातावर ठेवून बघायची. "वाढला का रं?" मलाही तो दर रविवारी वाढल्यासारखा वाटायचा. बोक्याच्या पंजाकडे बघताना मावशीच्या डाव्या पायाची न भरणारी जखम मात्र मला दिसली नाही. बोक्याच्या भांड्याशेजारी तिचा तांब्याही सारखा रिकामा होत होता. गावातल्या डॉक्टरांनी तिचीही मात्रा अडतीसवर नेली होती... दोघं एकाच बाटलीतून घेत होते आणि दोघांचीही साखर चढत होती. मला गणित येत होतं, तरी मी ते मांडलं नाही.

मग होळी आली. होड्या किनाऱ्याला लागलेल्या, बर्फ नाही. आदल्या संध्याकाळी मी नवी बाटली तशीच आणली आणि मावशीने ती माठाला टेकवून ओल्या फडक्यात ठेवली. धुळवडीच्या सकाळी तिने नियमाप्रमाणे आधी सरपंचाला सुका बोंबील घातला, सात युनिट टोचले आणि सुकी मासळी घेऊन बाजारात गेली. तिचं स्वतःचं इंजेक्शन बाजार उरकून आल्यावर, जेवणाआधी. अकराला मी तिला स्कूटरवरून घरी आणलं. ती पेटीवर टेकली, सुईत अडतीस भरले, पदर सरकवला आणि तेवढ्यात सरपंच उठला. मान डुगडुगली, पाय फाकले, तो आडवा होऊन झटके देऊ लागला. मी वसईला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "हिरड्यांना साखरपाणी चोळा! साखर एकदम पडलीय." रंजना चोळू लागली. मग त्यांनी विचारलं, "बाटली नवी आहे का? आधीच्या कुठे ठेवत होतात?"

"बर्फात," मी म्हणालो, "मीठ टाकून."

पलीकडून आवाज आला, "अहो, मिठाच्या बर्फात इन्सुलिन गोठतं आणि गोठलेलं इन्सुलिन म्हणजे निव्वळ पाणी. बोक्याला रेझिस्टन्स नव्हताच. घरात ही बाटली आणखी कोण घेतं?"

मावशीच्या दंडावर सुई टेकलेली होती. मी तिचा हात धरला.

सरपंच तासाभराने उठला आणि पुढे दोन युनिटांवर तीन वर्षं जगला. मावशीची मात्राही खाली आली. तिच्या डाव्या पायाचं एक बोट मात्र गेलं. ती गेली हृदयाने, असं सगळे म्हणतात. माझ्या बर्फातल्या त्या महिन्यांनी तिच्या आयुष्यातून किती कापून नेलं, हे कुठल्याही डॉक्टरला विचारायचं धाडस मला झालेलं नाही.

परवा तिच्या घरी गेलो होतो. पेटी तिथेच आहे, झाकणावर मावशीच्या बसण्याचा खळगा आहे. रंजना म्हणाली, "बसा ना दादा." मला बसवेना. त्या धुळवडीला याच झाकणावर बसून, भरलेली सुई हातात धरून, कारण समजल्यावर मावशी माझ्यावर अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी कडाडली होती, "मेल्या, तू मारतोस आनि बोका वाचवतो... आनि पहिला मासा तुला पायजे?"