मावशीचे बोंबील, माझा बावटा

कोळीवाड्यातली मावशी बोंबील गालाला लावून पाहायची. वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, जबड्यात जबडा अडकवून टांगलेला एखादा बोंबील ती दुपारी हातात घ्यायची, गालावर टेकवायची आणि डोळे मिटून उभी राहायची. बघणाऱ्याला वाटावं, पोराचा ताप बघते आहे.

मी तेव्हा रेवसच्या अलीकडच्या एका लहानशा बंदरावर कारकून होतो. वादळाची तार आली की काठीवर धोक्याचा बावटा चढवायचा, हे माझं काम. कोळीवाड्याचा मात्र तारेपेक्षा मावशीवर भरवसा. कार्तिकात पहाटे जमिनीकडून सुटणारा कोरडा मतलई वारा पडला आणि भर उन्हातही बोंबील ओलसर राहिला, की समुद्रात काहीतरी शिजतंय असं ती धरून चालायची. अर्धवट सुकलेले बोंबील ती उतरवू लागली, की बाकीच्या बायकाही उतरवायच्या आणि होड्या वर ओढल्या जायच्या.

या मानाचा तिला कंटाळाच होता. "सांगितलं न् न्हाय आलं, तर बाया शिव्या देतात. न्हाय सांगितलं न् आलं, तर काय, ते इचारू नको भाऊसाहेब," असं म्हणून ती कपाळाला हात लावायची.

एका वर्षी तिच्या शब्दावर चार दिवस होड्या बांधून राहिल्या. आभाळ लख्ख. घराघरांत उतरवलेले बोंबील कुजले. "तुझ्या गालाला काय झालंय गो?" बायकांनी तोंडावर विचारलं. मीही हसलो. त्या हसण्याची आजही लाज वाटते.

पुढच्याच, म्हणजे मिठाच्या सत्याग्रहाच्या आधीच्या कार्तिकात एका दुपारी ती एकटीच आपले बोंबील उतरवताना दिसली.

"मावशी, वादळ काय?"

"तुझी तार काय म्हनते?"

"तार नाही आली."

"मंग न्हाय वादळ." तिने मान वर केली नाही. "माझं मी उतरवते. कुनाला काय सांगत न्हाय. दमले मी."

मला कळायचं ते कळलं होतं. पण तारेवाचून बावटा चढवायची छाती झाली नाही. नोकरीची भीती, दुसरं काय! संध्याकाळी होड्या निघाल्या. धाकट्या भावाला तेवढं ती हळूच 'थांब' म्हणाली. सगळे जातात आणि मी बायकांत बसू काय, असं म्हणत तोही गेला.

तार दुसऱ्या दिवशी आली. बावटा चढवताना दोरी हातात ठरत नव्हती, एवढा वारा होता. दोन होड्या परतल्या नाहीत. एक तिच्या भावाची.

तिने मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर ती रोज कचेरीच्या पायरीशी येऊन सांगायची, "आज काय न्हाय," नाहीतर "आज बरं वाटत न्हाय." बरं वाटत नसलं की मी तारेची वाट न बघता बावटा चढवायचो. पुष्कळदा आम्ही चुकायचो. मला वरून ठपका यायचा, तिला गावाच्या शिव्या बसायच्या. आम्ही दोघांनीही ते मुकाट्याने सोसलं.

काही वर्षांनी माझी बदली झाली. ती धक्क्यावर आली, फार थकलेली.

"नव्या भाऊसाहेबाला सांग," ती म्हणाली, "माझं ऐकू नको, पन रोज इचार. त्या दिवशीवानी मी न्हाय म्हनले, तरी परत इचार."