पिस्तुलाला लावलेलं कुंकू

माणूस दिसला की त्याची नक्कल करायची, हा माझ्या अंगातला किडा. बार्शीच्या शाळेत त्यापायी छड्या खाल्ल्या. सिंगापूरला मी नोकरीचा पास काढून आलो, किडा फुकटात आला.

तिथल्या पासिर रिस भागात मी ज्यांच्या फ्लॅटमध्ये एक खोली घेऊन राहायचो, ते दादा नाशिककडचे. त्यांची आई मळ्यात एकटी राहायची. त्या उन्हाळ्यात घरात चोर शिरले, म्हातारीचे हात बांधून पाटल्या ओढून नेल्या. तेव्हापासून दादांचं ठरलेलं: परत जायचं, लायसन्स काढायचं, पिस्तूल घ्यायचं. पण आधी हात बसायला हवा, म्हणून इथल्या शूटिंग क्लबात जायला लागले. क्लबाचा नियम असा की पिस्तूल तिथेच कुलपात राहणार, आणि यायचं ते फक्त खेळ म्हणून.

"स्वसंरक्षण हा शब्द तिथे काढायचा नाही," जेवताना दादांनी मला बजावलं होतं. "काढला की बाहेर."

"काढेन कशाला?" मी म्हणालो, आणि तिथे नेमबाजी शिकवणाऱ्या सरांचा, एकदा दादांबरोबर जाऊन ऐकलेला आवाज काढून दाखवला. वहिनींना हसून ठसका लागला.

खंडेनवमीला शनिवार आला. वहिनींनी सकाळी लॅपटॉप, मिक्सर, कात्री सगळ्यांची पूजा केली. त्याच दिवशी दादा सरावाचं पिस्तूल ठरवणार होते, मी बघायला गेलो. सरांनी टेबलावर दोन ठेवली, दोन्ही रिकामी. एक बावीस बोअरचं, हलकं, धक्का कमी. दुसरं नऊ एमएमचं, जड. दादांनी दोन्ही धरून पाहिली. बावीसचं हातात छान बसलं, पण जीव दुसऱ्यात अडकला.

"आधी लहानावर शिका, दादा," मी म्हटलं. "मोटारसायकल थेट बुलेटवर कोण शिकतं?"

दादा हसले आणि हात धुवायला गेले. सर फोनवर पाठमोरे. माझ्या खिशात वहिनींच्या ताटातली कुंकवाची पुडी होती, अक्षता होत्या. घरी कात्रीची पूजा झाली आणि खरं शस्त्र तसंच राहिलं! मी बावीसच्याला कुंकवाचं बोट लावलं, वर चार अक्षता टाकल्या. एक तांदूळ घरंगळत नळीत गेला.

सर वळले. त्यांना आधी ते रक्त वाटलं. सगळ्या रेंजवर नेम थांबले.

"हू टच? यू टच अह?"

इथे गप्प बसायला हवं होतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि सगळे बघायला लागले की मी बोलतोच. वर त्यांच्याच ठेक्यात, वाक्याला त्यांचं ते 'लाह' जोडून बोललो. सर, आज आमच्याकडे शस्त्रपूजा. शस्त्र आपलं रक्षण करतं ना, म्हणून. ह्यांच्या आईला चोरांनी बांधून ठेवलं होतं लाह, त्यासाठीच तर हे शिकतायत.

दादा दारात उभे होते, हात ओले.

सर मला टाळून थेट दादांकडे गेले. त्यांना बाजूला नेलं. दादा मान हलवत राहिले. चाळिशीचा माणूस, ऑफिसात हाताखाली माणसं असलेला, शाळेतल्या पोरासारखा उभा होता. ऐकू काही येत नव्हतं, पण कान माझे जळत होते.

परतताना एमआरटी ट्रेनमध्ये दादा एवढंच म्हणाले, "पूजेचं समजू शकतो रे. आईचं कशाला सांगितलंस?"

मला नक्कलसुद्धा सुचली नाही.

घरी वहिनींनी विचारलं, "मग? कुठलं ठरलं?"

"एकही हाताला बसलं नाही," दादा म्हणाले, आणि आतल्या खोलीत गेले.

क्लबाने पुढे त्यांना सभासद म्हणून घेतलं नाही. दादांनी क्लबाचं नावही परत काढलं नाही, भाडंही वाढवलं नाही, मला बोललेही नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी ते नाशिकला परतले. मळ्यातल्या घराला ग्रिल बसवली, दोन कुत्री आणली. आमच्या जुन्या ग्रुपवर कुत्र्यांचे फोटो टाकतात. बाकीचे खाली काहीतरी विनोद करतात. माझ्याच्याने एकदाही झाला नाही.