पऱ्यातले धोंडे

आमच्या घरामागचा पऱ्या डोंगरावरून जिन्यासारखा उतरतो. पाणी एका धोंड्यावर आपटतं, त्याखालच्या कोंडीत जरा थांबतं, मग पुढच्या धोंड्यावर आपटतं. असं करत करत त्याची मस्ती जिरते आणि खाली माझ्या भाताच्या मळीशी येईस्तोवर ते गुमान चालायला लागतं. म्हणून पावसाळ्याआधी वाडीतली माणसं पऱ्यात उतरायची आणि घसरलेले धोंडे पहारीने सारून पुन्हा आडवे बसवायची. लग्न होऊन आल्यापासून मीही त्यांच्यासोबत उतरत आले.

यंदा शिमग्याला मुंबईहून धाकटे दीर आले. दारात पालखी येणार, तर मागचा पऱ्या कसा साफसूफ दिसायला हवा म्हणे!

"वहिनी, धोंडे काढून टाकू. पाण्याला वाट मोकळी होईल. गटार तुंबलं की साफ करतोच ना आपण?"

गटार! याच पऱ्यात डुंबून मोठा झालेला माणूस हा. कपाळ फोडून घ्यावं की काय करावं?

"भावोजी, धोंडे काढलेत तर सगळं पाणी माझ्या मळीवर येईल," मी ओरडून सांगितलं.

"तुम्ही उगाच घाबरता."

नवरा बोटीवर नोकरीला. त्यांना फोन लावला, तर म्हणाले, "तो एवढं हौसेने करतोय, करू दे की." झालं! भावापुढे बायकोचं कोण ऐकतो? जेसीबी आला, धोंडे ट्रकात भरून गेले आणि पऱ्या वरपासून खालपर्यंत सरळ, गुळगुळीत झाला. दिरांनी त्याच्यासमोर उभं राहून फोटोसुद्धा काढून घेतले.

आषाढात एका दुपारी डोंगरावर धो धो कोसळला. वाटेत अडवायला काही नव्हतंच. पाणी सुसाट खाली आलं, त्याने बांध फोडला, नुकती लावलेली रोपं उपटून नेली आणि मळीवर रेवेचा थर टाकला. घराचा वर्षाचा तांदूळ त्या एका मळीचा. मी तिथेच चिखलात बसून ओक्साबोक्शी रडले. शिव्याही घातल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

गणपतीला दीर पुन्हा आले. मला वाटलं, निदान मान तरी खाली घालतील. कसलं काय! मळीवर गेले, बुटाने रेव दाबून पाहिली आणि म्हणाले, "वहिनी, छान टणक झालंय हो. आता इथे गाडी लावता येईल."

दुपारी पंगत बसली. सगळ्यांची पानं वाढली. दिरांच्या पानात भाताच्या जागी मूठभर रेव ठेवली आणि म्हटलं, "जेवा भावोजी. यंदा मळीत हेच पिकलंय."