आत्या मशीन बघते

बनारसमध्ये शिलाई मशीन विकणाऱ्यांपैकी माझ्या आत्याला न घाबरणारा एकही माणूस नव्हता. हे मी जबाबदारीने लिहितो आहे. वर्तमानपत्रात अशी सरसकट विधानं खोडण्याचंच काम मी वर्षानुवर्षं केलं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, एका हिवाळ्यात, मी तिच्याबरोबर नऊ दुकानांत गेलो. त्यातल्या सहा ठिकाणी तिला पाहताच मालकाला मागच्या खोलीतलं काहीतरी काम आठवलं. उरलेल्या तिघांनी तिला पहिल्यांदाच पाहिलं होतं.

आत्या मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली होती. लग्न केलं नव्हतं. दूधविनायकाच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायची, आणि आसपासच्या मराठी घरांत मूल जन्मलं की बारशाला तिची गोधडी पोचायची. जुन्या नऊवारीचे सात थर, बारीक धावदोरा आणि एका कोपऱ्यात रंगीत दोऱ्यांनी भरलेला पक्षी. पक्षी कोणता हे बोलून दाखवायचं नाही. शेजारच्या वहिनी एकदा "काय गोड बदक आहे" म्हणाल्या. आत्या म्हणाली, "मोर आहे तो," आणि पिसारा वाढवायला गोधडी परत घेऊन गेली. बाळाला ती मिळाली तेव्हा ते चालत होतं. पण साठीनंतर तिच्या उजव्या हाताची बोटं आखडू लागली. सुई धरवेना. डॉक्टरांनी हाताने शिवणं बंद करायला सांगितलं, तेव्हा ती "ठीक आहे, मग मशीन घेऊ" एवढंच म्हणाली. गोधड्या थांबल्या तर आपल्याला घरोघरी जायला निमित्त काय, असं ती बोलली नाही. त्या महिन्यात गल्लीत दोन बारशी झाली. ती एकालाही गेली नाही.

तिला एकाच मशीनकडून दोन कामं हवी होती आणि ती एकमेकांच्या विरोधात जाणारी होती. गोधडीसाठी सुईजवळची दाबपट्टी इतकी वर उचलली गेली पाहिजे की सात थर आत जातील, आणि खालच्या दात्यांनी ते सगळे सारखे पुढे ओढले पाहिजेत. भरतकामाला तेच दाते खाली बसवता आले पाहिजेत, म्हणजे रिंगेतलं कापड हाताने हवं तसं फिरवता येतं. शिवाय वीज कधीही जायची, म्हणून मशीन पायानेही चाललं पाहिजे. हे सगळं ती दुकानदाराला फळ्यासमोर उभी असल्यासारखी समजावून सांगायची. मग पिशवीतून सात थरांचा तुकडा, स्वतःची सुई आणि स्वतःचा दोरा काढायची. एक वीत शिवून झालं की तुकडा उलटा करून खालचे टाके मोजायची, वरचे मोजायची, आणि एकाचाही फरक आला तर मोठ्याने "नापास" म्हणायची. हा शब्द हिंदीतही तोच असल्यामुळे दुकानदाराला लगेच कळायचा. एकाने हात जोडून विचारलं, "माताजी, लेना भी है कि खाली परीक्षा लेनी है?" आत्या म्हणाली, "पास होगी तो लेंगे. आप काहे घबरा रहे हैं? परीक्षा तो मशीन की है." बाहेर पडल्यावर मला म्हणाली, "त्याचीपण होती रे. पण तोंडावर कशाला सांगा."

नववं दुकान गोदौलियाच्या चौकाजवळ होतं. तिथलं मशीन सात थरांत पास झालं. टाके वरखाली सारखे आले, तेव्हा आत्याने दुकानदाराकडे, निकालपत्रक देताना बघावं तसं, कौतुकाने पाहिलं. राहिली भरतकामाची परीक्षा. दाते खाली बसवायचा खटका दुकानदाराला दाखवता येईना. "होगा माताजी, कंपनी ने दिया होगा," तो म्हणत राहिला. आत्याने पदर खोचला, जमिनीवर बसली, मग आडवी झाली आणि डोकं मशीनखाली घातलं. दुकानाच्या दारातून दिसत होते ते तिचे दोन पाय, त्यातल्या एकातली चप्पल निघालेली. खालून ती मला सांगत होती, "इथे काही दिसत नाही रे, तनिक टॉर्च माग त्याच्याकडे."

त्याच वेळी आमचे संपादक पत्नीसह आत आले. त्या आठवड्यात माझ्या बढतीचा निर्णय व्हायचा होता. हे कारण म्हणून देत नाही, नोंद म्हणून देतो. संपादकांनी पायांकडे पाहिलं आणि हसत विचारलं, "ये माताजी आपके साथ हैं?" मी दिलेलं उत्तर शब्दशः असं: "नहीं सर, मोहल्ले की हैं. मशीन के बारे में कुछ पूछ रही थीं."

मशीनखालची खुडबुड थांबली. आत्या बाहेर आली, चप्पल घातली, साडी झटकली. टॉर्च आणला गेला होता. तिने तो दुकानदाराला परत दिला. "यही दे दीजिए," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, अनोळखी माणसाशी बोलावं तशा स्वच्छ हिंदीत म्हणाली, "आपने बड़ी मदद की, भैया. धन्यवाद." मशीन रिक्षात चढवून ती एकटीच घरी गेली. मी संपादकांबरोबर चहा घेतला.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो. "आलास? हातपाय धू, भात टाकलाय," एवढंच ती म्हणाली. मशीन खिडकीशी लागलं होतं. त्या मशीनला खटका नव्हताच. दाते खाली बसत नव्हते, म्हणजे पक्षी भरता येणार नव्हते. मी म्हटलं, "आत्या, मी उद्या बदलून आणतो." ती ताटं मांडत म्हणाली, "कशाला? पास झालंय ते." तिने उभ्या आयुष्यात कोणाला अर्ध्या पेपरावर पास केलं नव्हतं. गोधड्या पुन्हा बारशांना पोचू लागल्या, चारही कोपरे कोरे. कोणी विचारलं तर ती डोळ्यांचं कारण सांगायची, आणि तेव्हा माझ्याकडे बघायची नाही. बढती मला मिळाली.

त्यानंतर ती आणखी सात वर्षं होती. मी अनेकदा तिच्याबरोबर बाजारात गेलो, मुद्दाम वेळ काढून. दुकानदार देईल ते ती पिशवीत घ्यायची. एकदा भाजीवाल्याने तिला उघडउघड शिळी वांगी दिली. मला राहवलं नाही. मी एक वांगं उचलून मोठ्याने विचारलं, "ये ताज़ा है? काटकर दिखाओ." दोन-तीन माणसं वळून बघू लागली, आणि मला वाटलं, आता आत्याही सुरू होईल. तिने माझ्या हातातलं वांगं काढून घेतलं, पिशवीत टाकलं आणि माझ्या कोपराला धरून हळूच म्हणाली, "चल रे. तुझ्या ओळखीचं कोणी यायचं."